चांदमारीवरचे मावसाजी

सामन्याकडे पाठ करून फुटबॉल पाहणारा माणूस उभ्या रायपुरात एकच झाला, आणि ते म्हणजे माझे मावसाजी. कॉलेजच्या मैदानाच्या एका टोकाला मातीचं उंच टेकाड होतं. इंग्रजांच्या काळी तिथे पलटणीची छावणी होती आणि शिपाई या टेकाडावर नेम धरायला शिकत, म्हणून त्याला चांदमारी म्हणत. पुढे पलटण गेली, मैदान कॉलेजकडे आलं आणि टेकाडाला पायऱ्या खोदून प्रेक्षक बसू लागले. मावसाजी सगळ्यांत खालच्या पायरीवर, तोंड मात्र आमच्याकडे, कारण त्यांना हा इतिहास सांगायचा असे. मागे गोल होई, आम्ही ओरडत उठू आणि ते शांतपणे म्हणत, "गोल काय, होतच राहते. तो गोलकीपर उभा आहे न, तिथं घोडे बांधत होते." एकदा चेंडू त्यांच्या पाठीत बसला, तेव्हाही त्यांनी वाक्य पुरं केलं आणि मगच पाठ चोळली.

कॉलेजच्या क्रीडा विभागात कारकुनी करून निवृत्त झाले, तरी खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत उमगले नाहीत. पेनल्टी मारायला निघालेल्या खेळाडूला थांबवून ते सांगत, की इथे पलटणीच्या मुदपाकखान्याची राख पडायची, म्हणून गवत एवढं हिरवं. पावसाळ्यानंतर टेकाडातून शिशाच्या जुन्या गोळ्या वर येत. त्या धुऊन-पुसून ते मावशीच्या लोणच्याच्या बरणीत ठेवत. मावशीने आठ दिवस अबोला धरला, तर म्हणाले, "बरं झालं, मैदानाचा इतिहास लिहाले वेळ भेटला."

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. मैदानावर राजधानीला शोभेल असं स्टेडियम करायचं ठरलं आणि नकाशात चांदमारी सपाट झाली. मावसाजींची झोप उडाली. अर्ज घेऊन ते तेलीबांध्याला बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेले, पुरावा म्हणून बरणीही नेली. दारावरच्या शिपायाने विचारलं, "इसमें क्या है?" दुसरा कोणी असता तर लोणचं म्हणून सुटला असता. मावसाजी अभिमानाने म्हणाले, "बंदूक की गोलियाँ." त्यांना तिथेच बसवून ठेवलं. दोन तासांनी मी सोडवायला गेलो, तर चार शिपाई माना खाली घालून इतिहास ऐकत होते आणि सुटका त्यांचीच करायला हवी होती.

तिथे एक तरुण इंजिनिअरही उभा होता. घर नागपूरकडचं, मराठी कळायची, पण उत्तर हिंदीत. "मौसाजी, नक्शा तो पास हो गया है," तो हळूच म्हणाला.

मावसाजींचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "बाबू, पलटणीचं सारं गेलं. हे एकच राह्यलं. हेही गेलं तर मी सांगू कशाच्या भरवशावर?"

इंजिनिअरने बरणीतली एक गोळी उचलली. ती उलटसुलट करून पाहिली आणि नकाशा पुन्हा उलगडला.

स्टेडियम पुरं व्हायच्या आधीच मावसाजी गेले. टेकाडाचं पुढे काय झालं ते त्यांना कळलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. स्टेडियमची भिंत तिन्ही बाजूंनी सरळ जाते, त्या टोकाला मात्र वळसा घेते आणि टेकाडाचा उरलेला तुकडा आत घेते. बाहेरगावचे पाहुणे हसतात, "ठेकेदाराला भिंतही सरळ बांधता आली नाही." त्या इंजिनिअरने ती तशी का वळवली, ते सांगायला मी त्यांना थांबवतो. पण दोन वाक्यांतच मैदानावर गोल होतो आणि मी वळून पाहतो. मावसाजींसारखं सलग सांगणं मला अजून जमलेलं नाही.