वाट पाहणारा सर्व्हर

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी क्लार्क; तिथला सर्व्हर अडला की दुरुस्तीवाला मोटरसायकलवरून यायचा. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचा आणि ती पुढे सरकली की म्हणायचा, "शाब्बास, माय!"

परीक्षेचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस, पोरं बाहेर रांगेत उभी. सकाळी वीज जाऊन आली, तेव्हापासून सर्व्हरवरचं लिनक्स सुरू होतानाच मध्ये थांबत होतं आणि प्राचार्य सगळ्यांदेखत ऑपरेटर बाईंना झापत होते.

तो आला आणि वाचता वाचता एका ओळीशी अडखळला. "हे तं दुसऱ्या डिस्कची वाट पाहून राह्यली! अन् डिस्कच नाई इथी. काऊन हो भाऊ?"

डिस्क गायब म्हटल्यावर, आता आळ आपल्यावरच येणार म्हणून बाई रडायला लागल्या. ती रिकामी डिस्क महिन्यापूर्वी मीच चालू सर्व्हरमधून काढून घरी नेली होती, मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला; त्यानंतर सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची ही पहिलीच वेळ.

"मी नेली," मी कसंबसं म्हणालो.

त्यानं टाळीच वाजवली. "मंग आधी सांगा ना! मशीन बिमार नाई, बाई!" सुरू होताना कोणकोणत्या डिस्क शोधायच्या त्या यादीतली त्या डिस्कची ओळ त्यानं बंद केली, आणि स्क्रीनवर ओळी भराभर धावू लागल्या. "बाई, बोलवा पोट्ट्यायले!"

प्राचार्य बाईंना सोडून माझ्याकडे वळले. माझी चोरी ऐकून खूश झालेला तो एकटाच माणूस.