दोन भिंगांची पेटी

दादाच्या पेटीचे किस्से चिंचवडच्या आमच्या चाळीत भंगारासारखे साठलेत. एक उचलावा तर खालून चार खडखडतात! दादा महिन्यापूर्वी तापानं गेला. किस्से थांबायला तयार नाहीत.

दादा पिंपरीच्या कंपनीत फिटर. त्यानं खोक्याच्या फळ्यांची पेटी केली, डोळ्यांपुढं दोन भिंगं बसवली. आत एका पुठ्ठ्यावर एकाच गोष्टीचे दोन फोटो शेजारी शेजारी, कॅमेरा जरा सरकवून काढलेले. बघणाऱ्याला चित्र एकच दिसायचं, पण पुढं आलेलं, हात लावावा असं!

"भावा, उद्या रेडिओत चित्र येईल, तेही असंच उठून दिसेल. घराघरात!" दादा म्हणायचा.

येणारच. मला शंकाच नाही.

*

पहिले बघणारे शेजारचे गणपाभाऊ. एक डोळा मिटून बघितलं.

"राव, सपाट तर हाय!"

"दुसरा उघडा की!"

उघडला, आणि पेटी टाकून भिंतीला जाऊन चिकटले! आत मोशीच्या पाटलांचा बैल होता, शिंगं रोखलेला.

*

त्याच बैलानं घोळ घातला. फोटोवाला कॅमेरा सरकवेपर्यंत त्यानं शेपटी हलवली. एका फोटोत डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं. पेटीत बघून पाटील भडकले.

"आमच्या बैलाला दोन शेपट्या न्हाईत! चाकणच्या बाजारात तोंड कसं दाखवू?"

"माश्या दुप्पट हाकलतो म्हणून सांगा!" दादा म्हणाला.

*

मग दादा स्वतःच खुर्चीवर बसला. "मी बैल नाही, हलणार नाही!"

श्वास रोखून बसला. कॅमेरा सरकवताना फोटोवालाच धडपडला. दादा ढिम्म!

*

दादाचा तेवढाच फोटो. तेराव्याला तळेगावहून मामा आले. त्यांनी पुठ्ठा बघितला आणि कात्री मागितली.

"दोन्ही सारखेच आहेत. एक भिंतीवर लावा, एक मी नेतो."

मी पुठ्ठा हिसकावला. "कापलात तर दादा सपाट होईल!"

"खुळं झालंय पोरगं," मामा म्हणाले. आई मान खाली घालून बसलेली.

मी पुठ्ठा पेटीत सरकवला, पेटी मामांच्या हातात कोंबली. "दोन्ही डोळे उघडे ठेवा."

मामांनी पेटी डोळ्यांना लावली. मग एक हात सुटला, पेटीच्या पुढं गेला, बोटं हवेत चाचपडली.

"कॉलरचं बटण उघडं राहिलंय रे याचं," मामा म्हणाले.