संचिता रेवाळे आणि तीन बाजूंचे कुंपण

संचिता रेवाळे हिची आणि माझी ओळख बाळकुम गावातील व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत झाली. त्या खोलीत सायंकाळी पाच ते सात या वेळेत प्रौढांचा साक्षरता वर्ग भरतो आणि मी, गुणाजी भोईर, वय अडुसष्ट, त्या वर्गाचा विद्यार्थी आहे. खोली लांब असल्यामुळे तिच्या मधोमध एक लोखंडी कपाट उभे करून पलीकडची बाजू कॉलेजच्या मुलांना अभ्यासासाठी दिलेली आहे. अलीकडे आम्ही नऊ वयस्कर माणसे मोठ्याने वाचतो आणि पलीकडे मुले मनातल्या मनात वाचतात. आमच्या आवाजाचा त्यांना त्रास होत असणार, हे मला पहिल्याच दिवशी जाणवले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी कपाटाला वळसा घालून आमच्याकडे आली, तेव्हा ती तक्रार करणार असे मी धरून चाललो. तिने माझ्या पुस्तकातील एका अक्षरावर बोट ठेवले.

"आजोबा, हा 'क्ष' आहे. तुम्ही तीनदा अडलात, म्हणून आले."

एवढे सांगून ती परत गेली. ती संचिता.

तिच्याविषयी मला जी माहिती हळूहळू मिळाली ती अशी. तिचे वडील संदेश रेवाळे हे मूळचे संगमेश्वरकडचे. ते माजिवडा ते घोडबंदर रोड अशी रिक्षा चालवतात. आई टॉवरमधील तीन घरांत स्वयंपाक करते. संचिता तेव्हा बारावीत होती. तिने कला शाखा घेतली होती आणि त्यात गणित हा विषय घेतला होता. असे फार थोडी मुले करतात, हे मला पलीकडच्या बाजूच्या चेष्टेवरून समजले. तिच्यासोबत विनीत आणि पायल अशी दोन मुले अभ्यासाला बसत. ती दोघे विज्ञान शाखेची होती, परंतु गणिताची प्रश्नपत्रिका तिघांना एकच होती. त्यांची इंग्रजीत आणि हिची मराठीत, इतकाच फरक.

विनीत तिला रोज म्हणे, "आर्ट्सला जाऊन मॅथ्स कोण घेतं यार? पिकनिकला जाऊन भांडी घासण्यासारखं आहे हे."

यावर ती हसत असे. मी मात्र एकदा तिला गंभीरपणे विचारले की, सर्वांनी नको म्हटले असता हा विषय का घेतला. ती म्हणाली, "आजोबा, गणितात उत्तर बरोबर आलं की ते बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही. मला गणिताची बाई व्हायचंय."

तिच्या वडिलांनी एक अट घातली होती. या वर्षी बारावीला गणित राहिले तर पुन्हा परीक्षेला बसायचे नाही. मामाने माजिवड्याच्या एका कपड्यांच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता, तेथे कामाला लागायचे. संदेशराव कठोर मनुष्य आहेत असा समज कोणी करून घेऊ नये. त्यांनी स्वतः दहावीचे गणित तीन वेळा दिले होते आणि तिसऱ्या वेळी नापास झाल्यावर ते सहा महिने कोणाशी धड बोलत नव्हते. आपल्या मुलीवर ती पाळी येऊ नये, म्हणून ती अट होती.

जानेवारी महिन्यात कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन ती तिघे सरळ खोलीवर आली. त्या दिवशी पलीकडचा आवाज आमच्याहून मोठा होता.

"पेपर काढणारा माणूस आहे की कोण?" विनीत म्हणाला. "सर बोललेले, प्रीलिम टफ काढणार. टफ म्हणजे एवढा?"

"शेवटच्या सेक्शनमध्ये पाच सोडवायचे होते, मी चारच केले," पायल म्हणाली. "हात दुखायला लागला, पण डोकं चालेना."

"कुंपणाचं केलंस ना? ते तर एकदम सोपं होतं. छत्तीस मीटर जाळी, नऊ बाय नऊ, चौकोन. पुस्तकातलं उचलून टाकलंय."

"माझं पण नऊ-नऊ! चार मार्क पक्के. संचिता, तुझं?"

"नऊच," संचिता म्हणाली.

आठ दिवसांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका मिळाल्या. विनीतला ऐंशीपैकी चव्वेचाळीस आणि पायलला एकोणचाळीस गुण होते. संचिताने आपल्या उत्तरपत्रिकेचा वरचा कोपरा आत दुमडून ठेवला होता, त्यामुळे तिचे गुण कोणालाच दिसत नव्हते. मात्र कुंपणाच्या उदाहरणावर तिघांच्याही पेपरात लाल फुली होती, आणि त्यावरून विनीत फार चिडला होता.

"तिघांचं उत्तर सेम आहे आणि तिघांचं चूक? सरांनी डोळे मिटून तपासलंय. उद्या जाऊन भांडणार मी."

येथे आमच्या वर्गाची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्या शिक्षिका हेमाताई यांनी असा नियम केला आहे की, प्रत्येकाने रोज एक छापील कागद मिळवून तो मोठ्याने वाचावा. औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, वीजबिल, काहीही चालते. वाचताना ओळीखाली बोट ठेवावे आणि वाक्य संपले की "पूर्णविराम" असे स्पष्ट म्हणावे. आम्ही नवशिके वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे पळतो, म्हणून ही सक्ती आहे. त्या दिवशी मी घरून कागद आणण्यास विसरलो होतो. मी संचिताची प्रश्नपत्रिका मागितली. तिने ती दिली आणि मी जो प्रश्न समोर आला तो वाचू लागलो.

"आयताकृती मैदानाला कुंपण घालण्यासाठी छत्तीस मीटर जाळी आहे. पूर्णविराम. मैदानाचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त असावे यासाठी त्याची लांबी व रुंदी काढा. पूर्णविराम. मैदानाच्या एका बाजूस भिंत असून त्या बाजूस जाळी लावावयाची नाही. पूर्णविराम."

मी अठ्ठावीस वर्षे एका कारखान्यावर रखवालदार होतो. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेला तीन बाजूंनी जाळी होती आणि चौथ्या बाजूला कारखान्याचीच भिंत होती. त्या जाळीच्या कडेने मी रोज फेऱ्या घातलेल्या आहेत. म्हणून मी सहज म्हटले, "मंग जाळी तीनच बाजूंना लागल ना गो? भिंतीला जाळी कशाला?"

 विनीत कपाटापलीकडून धावत आला आणि त्याने माझ्या हातातील कागद जवळजवळ ओढूनच घेतला.

"एक मिनिट, एक मिनिट. आईशप्पथ! भिंत आहे इथे."

"पुस्तकातल्यात भिंत नाहीये," पायल म्हणाली. "आपण पुस्तकातलंच सोडवून आलो."

"आजोबा, बोर्डाला तुम्ही माझ्या बाकावर बसा. मी बाहेर वडापाव घेऊन थांबतो."

सगळे हसले आणि मीही हसलो. परंतु हे स्पष्ट केले पाहिजे की, ते गणित मी सोडवलेले नाही आणि मला ते सोडवता येणारही नाही. ते संचिताने सोडवले. तिने उभ्यानेच कपाटाच्या पत्र्याला वही टेकवून चार ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "नऊ आणि अठरा. क्षेत्रफळ एकशे बासष्ट. आपलं एक्क्याऐंशी आलेलं. बरोबर निम्मं."

विनीत आणि पायल यांनी तो विषय तेथेच संपवला. संचिताने जे केले, त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. ती कपाटाला वळसा घालून माझ्या चटईवर येऊन बसली आणि तिने मला संपूर्ण प्रश्नपत्रिका पहिल्यापासून वाचायला लावली. मी वाचत होतो आणि ती आपल्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून ऐकत होती. अशा रीतीने तिला पाच प्रश्न सापडले, ज्यांचे शेवटचे वाक्य तिने परीक्षेत वाचलेलेच नव्हते. त्यांचे गुण चौदा होत होते.

"माझं गणित कच्चं नाहीये, आजोबा," ती हळू म्हणाली. "ओळखीचं काही दिसलं की मी पुढचं वाचतच नाही. लगेच सोडवायला घेते."

मग तिने दुमडलेला कोपरा माझ्यासमोर उघडला. तेथे एकवीस लिहिले होते.

तोच कागद तिने त्या दिवशी घरी गेल्यावर, कोणी मागितलेला नसताना, वडिलांसमोर ठेवला. हे मला दुसऱ्या दिवशी संदेशरावांकडूनच कळले. ते रिक्षा खाली लावून वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, तुम्ही बघता तिला रोज. खरं सांगा, निघेल का हिचं गणित?"

मी म्हटले, "मला गणित येत नाही. पण कालपासून ती प्रश्न शेवटपर्यंत ऐकते."

त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात टेकवला. "एकवीस मार्क स्वतःहून दाखवले तिने," ते म्हणाले. "मी माझे कधी दाखवले नव्हते घरात." नंतर दुकानाविषयी ते काही बोलले नाहीत, परंतु अट मागे घेतली असेही म्हणाले नाहीत.

बोर्डाच्या परीक्षेला सुमारे सहा आठवडे उरले होते. आमचा नियम असा ठरला की, वाचायला बसताना संचिताने आपले पेन माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. मी प्रश्न वाचायचा. शेवटचा पूर्णविराम म्हटल्यावरच पेन परत द्यायचे. शब्द मला वाचता येत, परंतु गणिताची चिन्हे येत नसत. एक लांब, वर-खाली वाकलेले चिन्ह मला मासे धरण्याच्या गळासारखे दिसे, म्हणून मी तेथे "गळ" म्हणत असे आणि पुढे जात असे. विनीतला याची फार मौज वाटे. तो पलीकडून ओरडे, "गळ टाकला का आजोबा? कुठला मासा लागला, बोईट की निवटी?" आठवडाभराने तोही आपले पेन घेऊन चटईवर येऊ लागला, हे मी येथे नमूद करतो.

हे काम सोपे नव्हते. एका दिवशी मी एका प्रश्नात चार वेळा अडलो, तेव्हा संचिता उठून उभी राहिली. "किती सावकाश वाचता आजोबा! एवढ्यात माझी दोन उदाहरणं झाली असती!" ती माझ्या खिशातून पेन काढून घेऊन निघून गेली. मला वाईट वाटले. ती म्हणाली ते खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती आली, तिने पेन माझ्या खिशात अडकवले आणि प्रश्नपत्रिका माझ्यासमोर ठेवली.  मी वाचायला सुरुवात केली.

बोर्डाच्या पेपरच्या दिवशी संदेशरावांनी सकाळचे गिऱ्हाईक सोडून तिला केंद्रावर नेले. माजिवड्याला वाहने तुंबलेली असतात, म्हणून ती अर्धा तास आधीच निघाली होती. सायंकाळी तिघे नेहमीप्रमाणे खोलीवर आली.

"लांबलचक पेपर होता," विनीत म्हणाला. "संचिता, शेवटच्यात काय आलं तुझं?"

"जुळवायचं नाही. परवा माझा इकॉनॉमिक्स आहे."

"अगं, एक तर सांग!"

"दोन प्रश्न राहिले वेळ नाही म्हणून," ती म्हणाली. "पण जे लिहिलं ते विचारलेलंच लिहिलंय. आजोबा, मी प्रत्येक प्रश्नाला हळूच 'पूर्णविराम' म्हणत होते. वर्गावरच्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या, मला काही होतंय का म्हणून."

निकाल मे महिन्यात लागला. संदेशराव मोबाइलच्या दुकानातून निकालाचा कागद छापून घेऊन थेट आमच्या वर्गात आले. त्यांना वाचता येते, तरीही त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. संचिता दाराशी उभी होती. मी बोट ठेवून एक एक विषय वाचला. गणिताच्या ओळीवर आल्यावर मी वाचले, "त्रेसष्ट. पूर्णविराम." कागदावर तेथे पूर्णविराम नव्हता, परंतु मी म्हटला. संदेशरावांनी मामांना तेथूनच फोन लावला आणि सांगितले, "दुकानात दुसरी कुणी मुलगी बघायला सांगा. आमची कॉलेजला जाणार आहे."

विनीतला तिच्याहून आठ गुण अधिक मिळाले. तिला त्याचे काही वाटलेले दिसले नाही. सध्या ती ठाण्याच्या कॉलेजात गणित घेऊन बी. ए. करीत आहे आणि शनिवारी आमच्या वर्गाला भागाकार शिकवते. ती फळ्यावर प्रश्न लिहिते तेव्हा आम्हा नऊ जणांची पेन्सिली गोळा करून टेबलावर ठेवते.

या महिन्यात हेमाताईंनी आम्हाला, ज्यांच्याविषयी आदर वाटतो अशा एका माणसावर लिहिण्यास सांगितले. एखाद्या मुलीविषयी तिला न विचारता लिहिणे मला योग्य वाटले नाही, म्हणून गेल्या शनिवारी मी संचिताची परवानगी मागितली. आपण त्रेसष्ट गुण ठळक लिहू आणि बाकीचे वगळू, असेही मी तिला सुचवले. तिने फळा पुसता पुसता मान हलवली.

"लिहा की, आजोबा. पण ते एकवीस पण लिहा."