पेशी परत काय घेते

लाळग्रंथीची पेशी मी वर्षानुवर्षं फळ्यावर एकाच पद्धतीनं काढत आलो. आत स्रावाच्या चिमुकल्या पिशव्या. एकेक पिशवी कडेला येते, पेशीच्या पटलाला चिकटून उघडते आणि स्राव बाहेर पडतो. पिशवीचं आवरण मात्र पटलातच मिसळून राहतं. परवा नालासोपाऱ्याच्या आमच्या कॉलेजात बारावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग पेशी फुगत का नाही?"

मला बरं वाटलं. हल्ली मला प्रश्न विचारतं कोण? घरी बोलणारा म्हणजे फ्रिज, तोही घुरघुरतो. मी सांगितलं, जेवढं आवरण पटलात मिसळतं, जवळपास तेवढंच पेशी पुन्हा आत ओढून घेते. त्याच्याच नव्या पिशव्या बनून पुन्हा भरल्या जातात.

"आणि नाही ओढलं तर?"

"साठा आहे तोवर चालतं. मग स्रावच थांबतो," मी म्हणालो. मला तुळिंजच्या घरातला माझा ओटा आठवला.

ओट्यावर शेजारच्या मावशींचे स्टीलचे डबे धुऊन रचलेले होते. माझी बायको गेल्यापासून त्या काहीबाही पाठवायच्या, कधी उसळ, कधी वालाचं बिरडं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे बायकोनं माझ्या डोक्यात पक्कं बसवलेलं. अगदीच काही नसलं तर ती चमचाभर साखर घालायची. मला चहापलीकडे काही येत नाही, आणि विकतचं घालणं म्हणजे हिशेब मिटवल्यासारखं. आज बघू, उद्या बघू करत डबे साचले. मग यायचेच थांबले. मावशी कंटाळल्या असं मी धरून चाललो. फार वाईट वाटलं, पण विचारणार कोणत्या तोंडानं?

त्या संध्याकाळी डबे रिकामेच घेऊन गेलो. दार मावशींनीच उघडलं. मुलगी सासरी गेल्यापासून त्याही एकट्याच असतात.

"मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "तोंडावर कसं सांगायचं म्हणून डबे ठेवून घेतलेत."

"रिकामे कसे द्यायचे, म्हणून राहिले."

"अहो सर, एकटीसाठी कोण रांधतं? तुम्हाला द्यायचं म्हणून माझ्याही पोटात चार घास जायचे."

"मग आता जेवता काय?"

"चहात पाव बुडवते."

मीही तेच खात होतो. आमच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे. संध्याकाळी पलीकडे भांडं वाजायचं, तेव्हा मी इकडे पाव चावत म्हणायचो, यांचं बरं आहे, गरम गरम जेवतात.