वाढत्या अंगाचा ट्रक

तुमच्या साताऱ्याच्या आजोबांनी हाती घेतलेलं एकही काम जन्मात सोडलेलं नाही, आणि एकही पुरं केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या कशा, असं तुम्ही विचाराल. तुमच्या आईबाबांचं लग्न ठरवायला ते सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. मी चहा टाकायला आत गेले आणि ट्रे घेऊन बाहेर आले, तेवढ्यात व्याहीबुवांनी दिवाणखान्यातला कुरकुरणारा पंखा उतरवून माझ्या गालिच्यावर मांडला होता. "आवं विहीणबाई, बेअरिंग सुकलंय नुसतं. आत्ता लावतो." बोलणी झाली, लग्न झालं, ओजस झाला, ईशा झाली. पंखा अजून त्यांच्याकडेच आहे. कधीही विचारा, "त्येचं तेवढं ऑइलिंग ऱ्हायलंय" असं उत्तर येतं. मी नवा पंखा आणला हे त्यांना सांगितलेलं नाही. ते येणार असले की मी त्यांना दिवाणखान्यात बसवतच नाही.

खरं तर ते साताऱ्याचे नाहीतच. त्यांचं गाव कराडच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. पण लहानपणी तुम्हाला त्या गावाचं नाव म्हणता येईना, म्हणून ते साताऱ्याचे आजोबा झाले. सगळी नोकरी फौजेत ट्रक चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे माणसांकडेही ते वाहन म्हणूनच बघतात. माझा गुडघा दुखतो म्हटल्यावर त्यांनी तो कसा वाजतो ते कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बुश गेलाय." डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं, फक्त महागात आणि इंग्रजीत.

आता ट्रकविषयी. ओजस तेव्हा चार वर्षांचा होता आणि तुम्ही परदेशातून सुट्टीला गावी आला होतात. अंगणात तो रिमोटवर चालणारा एक चिमुकला ट्रक पळवत होता. अचानक तो ट्रकवर बसायला गेला, ट्रक मोडला आणि हा रडायला लागला. व्याहीबुवांनी त्याला उचलून घेतलं आणि घरादारासमोर सांगितलं, "रडू नगं. आज्जा तुला बसायचा करून देतो. तू न् तुजी बहीण आत, रिमोट माज्याकडं. पार वेशीपतूर जाऊन यायचं." दुसरा कोणी असता तर विसरून गेला असता. तुमची साताऱ्याची आजी मला मागे म्हणालीसुद्धा, "आवं, ह्ये आता झालं बगा. ह्येंनी शब्द दिला की घरातलं लोखंड जागेवर ऱ्हात न्हाई." आणि तसंच झालं. खाटेचा सांगाडा गेला, जुन्या फाटकाचे अँगल गेले, भंगारातल्या स्कूटरची चाकं आली, ई-रिक्षाची मोटर आली. बाहेरचं सगळं सामान सांगलीच्या भंगारबाजारातून गोळा व्हायचं आणि एसटी मिळेपर्यंत माझ्याकडे मुक्कामाला असायचं. मी डाळींच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावणारी बाई. माझ्या जेवणाच्या टेबलावर एक अख्खा गिअरबॉक्स नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीजवळचं मूल ठेवावं तसा ठेवलेला असे. एकदा कुकरची रिंग नाहीशी झाली. मी शोधली नाही. ती कुठे गेली असणार हे मला माहीत होतं, आणि तिथून ती परत येणार नाही हेही.

एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, बाजारात बॅटरीवरच्या मोटारी मिळतात. मुलांना स्वतः चालवता येतात. तीच एक आणून ठेवा ना!" त्यावर ते बराच वेळ पान्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या सुनेचं ल्हानपण मी बगितलंच न्हाई, विहीणबाई. दर सुट्टीला आलो की पोरगी ईतभर वाढलेली. आणल्याला फ्रॉक कवाच बसला न्हाई तिला. एकदा तरी पोरं गाडीत आणि गाडी माज्या हातात, एवढंच मागणं हाय." त्यानंतर मी मोटारींचा विषय काढला नाही. वैतागणं मात्र सोडलं नाही. ती माझी सवय आहे.

गाडीत तुम्ही दोघं मावायला हवीत, म्हणजे मापं हवीत. आणि इथेच घोटाळा झाला. व्याहीबुवांचा टेपवर विश्वास नाही. टेप ताणतो, सैल पडतो, हात कधी खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी व्हिडिओ कॉलवर ओजसला खाली बसायला लावलं आणि विचारलं, "कमरंपासनं डोस्क्यापतूर किती ईत हाईस, मोज बरं." ओजसने आपला इवलासा हात पसरून इमानदारीत मोजलं आणि सांगितलं, पाच वीत. व्याहीबुवांनी आपली फौजी, परातीएवढी वीत पाच वेळा अँगलवर मांडली आणि हरखूनच गेले. पोरगं बसल्यावर एवढं, तर उभं राहिल्यावर केवढं! त्यांनी गावात पेढे वाटले. तालमीतल्या वस्तादांना सांगून आले की नातू परदेशात असला तरी अंगापिंडानं गावचाच आहे. मी पुढच्या महिन्यात गेले तेव्हा अंगणात एक केबिन उभी होती. तिच्यात मी पदर न सावरता सरळ उभी राहिले. मी हळूच विचारलं, "व्याहीबुवा, वीत कोणाची धरलीत?" त्यांनी आपला पंजा उघडून पाहिला. तुमची आजी माजघरातून ओरडली, "पेढं माघारी आणा आता!" पण केबिन कापायला ते तयार होईनात. "पोरं वाढत्यात. आपण पोरांची कापडं कशी शिवतो? वाढत्या अंगाची. तशीच गाडी बी आसंना का."

केबिन मोठी म्हणून सांगाडा मोठा झाला, सांगाडा मोठा म्हणून मोटर लहान पडू लागली, मोटर बदलली म्हणून चाकं बदलली. ट्रक वासराएवढा होता तो म्हशीएवढा झाला. रिमोटचं यंत्र मात्र ओजसच्या मोडक्या ट्रकमधलंच. वीस पावलांपलीकडे त्याचं काही चालेना. एकदा संध्याकाळी चाचणी चालू असताना ट्रक त्या वीस पावलांच्या पुढे गेला आणि बांध ओलांडून शेजाऱ्यांच्या उभ्या उसात शिरला. आत जाऊन कुठेतरी अडकला, पण दिवे चालूच. त्या भागात उसात बिबट्या निघतो हे तुम्हाला ठाऊक असेल. शेजारच्या बाईंना पाचटाच्या आड दोन पिवळे डोळे दिसले. पाऊण गाव काठ्या, थाळ्या आणि लग्नातले उरलेले फटाके घेऊन बांधावर जमलं. व्याहीबुवा घसा फोडून सांगताहेत, "आरं, माजा ट्रक हाय त्यो!" आणि लोक त्यांना दंडाला धरून मागे ओढताहेत, "म्हाताऱ्यानं भ्या घेतलंय, पाणी द्या रं त्येला." शेवटी त्यांनी हात सोडवून घेतले, पुढे होऊन हॉर्नचं बटण दाबलं, आणि उसातून रिव्हर्स घेतानाची मंजूळ धून वाजायला लागली. एक म्हातारबा म्हणाले, "बिबट्या न्हाई ह्यो. येकतर ट्रक हाय, न्हाईतर लय शिकल्याला हाय." शेजाऱ्यांचा दोन सऱ्या ऊस आडवा झाला. भांडण होईल म्हणून मी धास्तावले होते. पण त्यांनी विचारलं ते इतकंच, "पोरं कवा येणार हायत?"

पोरं कधी येणार, हाच तर प्रश्न होता. एका वर्षी ईशाला कांजिण्या आल्या. एका वर्षी बाबाला नवी नोकरी लागली आणि रजा मिळेना. दर वेळी ट्रक "जवळजवळ तयार" असायचा, दर वेळी येणं पुढं जायचं, आणि फोनवर तुमचे लांबलेले पाय बघून व्याहीबुवा पुन्हा वेल्डिंगचा चष्मा चढवायचे. मधे एकदा तुम्ही आलात. आठवतंय का? आठ दिवस होतात. त्यांतले तीन दिवस पाचगणीत स्ट्रॉबेरी खाण्यात गेले. बाकीचे दिवस ट्रक अंगणात ताडपत्रीखाली सुटा पडलेला होता, कारण तुम्हाला विमानतळावर बघताक्षणी त्यांच्या लक्षात आलं, की पुढच्या चाकांचा आस बारीक पडणार. रात्रीचं जेवणसुद्धा धड न जेवता त्यांनी तो सोडवला. नवा आस तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बसला. मी त्या दिवशी फोनवर त्यांना बोलू नये ते बोलले. "अहो, आहे तसा चालवला असता तर काय बिघडलं असतं? बसली असती ना मुलं!" पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आस मोडला आसता तर पोरांला लागलं आसतं, विहीणबाई." बरोबरच होतं ते. त्यांचं सगळं नेहमी बरोबरच असतं, म्हणून तर माणूस हताश होतो.

शेवटी ट्रक खरोखर पुरा झाला. हे वाक्य लिहितानासुद्धा माझा विश्वास बसत नाही. लांबून चालणारा चांगला रिमोट आला, पिवळा रंग झाला, मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलं गेलं. चाचणीसाठी वजन हवं होतं. त्यांनी खताची पोती ठेवून पाहिली, पण समाधान होईना. "पोतं बोलत न्हाई. दणका कुटं बसतोय ते कळत न्हाई. तुमी बसा. तुमी लय सुद्द बोलता." अशा रीतीने तुमची ही आजी, पर्स मांडीवर घेऊन, दोन पिवळ्या सीटांपैकी डावीकडच्या सीटवर बसून गावातून गेली. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, आणि ज्याच्या हातात आपला जीव तो माणूस वीस हात मागून "कमरंला बसतंय का?" असं ओरडतोय. पारावरच्या मंडळींनी उठून नमस्कार केला. मीही केला. दुसरं काय करणार? वेशीपर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. कुठेही दणका बसला नाही. तुमची आजी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. माझ्यावरून ओवाळता ओवाळता तिने नवऱ्याला फैलावर घेतलं, "व्याह्याच्या मान्सास्नी आसं जनावरागत हाकत्यात व्हय?" पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते रिकाम्या उजव्या सीटकडे बघत होते. "आता फकस्त पोरं आली पायजेत," म्हणाले.

त्या उन्हाळ्यात तुम्ही येणार होतात, तिकिटंही झाली होती. मग ओजसच्या कॉलेजप्रवेशाची तारीख आडवी आली आणि ईशाचं शिबिर निघालं. तुमच्या आईने हे सांगितलं तेव्हा मी गावी त्यांच्या शेजारीच बसले होते. व्याहीबुवा फोनवर म्हणाले, "बरं बरं. शिक्षान म्हत्त्वाचं." मग ओजस फोनवर आला. त्या सीटवर त्याचे पाय आता दुमडूनही मावणार नाहीत हे पडद्यावर मला दिसत होतं. त्यांनाही दिसलं असणार. ते म्हणाले, "लय उंच झालास रं गड्या," आणि हसले. फोन ठेवल्यावर मी वाट पाहत होते, की आता ते उठतील, करवत घेतील आणि पुढचा पत्रा कापायला लागतील. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, की त्यांनी ट्रक पुन्हा सोडवावा. ते उठले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले.

दसऱ्यानंतर मी पुन्हा गेले. व्याहीबुवा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, हातात रिमोट. शेतातून ट्रक येत होता, वर गुरांसाठी उसाच्या वाढ्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, भारे लादलेले. तुमची आजी खुशीत होती. "डोस्क्यावरचा भारा गेला बगा, विहीणबाई. आता माजी मान दुकत न्हाई." गावातले आणखी दोघे असाच एक करून द्या म्हणून मागे लागले आहेत, असंही तिने सांगितलं. मी कौतुक केलं. करायलाच हवं होतं. ट्रक जवळ आला तेव्हा दिसलं, की केबिनमध्येही वाढं भरलंय आणि सीटा नाहीत.

"सीटा?" मी विचारलं.

"आत हायत, कपाटात. गाडी उबी ऱ्हायली की टायर बसत्यात, म्हनून म्हनलं चालवावी. सीटा बसवायला काय, चार नटांचं काम हाय."

मुलांनो, तुम्ही मोठे झालात यात तुमचा काही दोष नाही, आणि हे पत्र तुम्हाला ओशाळं करायला लिहिलेलं नाही. मी फक्त पाहिलं ते सांगते. ओसरीपासून गोठ्यापर्यंत थोडा उतार आहे, आणि पुढे पावसाने पडलेला एक खड्डा. व्याहीबुवा खुर्चीत पुढे सरकले, दोन्ही अंगठे रिमोटवर, ओठ घट्ट मिटलेले. आणि तो वैरणीचा ट्रक त्यांनी त्या खड्ड्यातून इतका अलगद काढला, जणू आत कोणाला नुकताच डोळा लागला होता.