आत्याने कबूल केलेली दारू

माझी आत्या दारू पीत नव्हती. कधीच नाही.

हे लिहावं लागतंय, कारण तिनेच चारचौघांसमोर उलटं सांगितलं होतं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

सुमन आत्या धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात राहायची. धानाची शेती, लवकर गेलेला नवरा, एक मुलगी, पल्लवी. आणि गावातल्या दारूबंदीच्या बायांची ती पुढारी.

जिल्ह्यात दारूबंदी आहे. मोहाची दारू तरीही गाळली जाते. या बाया जंगलात जाऊन मोहसडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे, ड्रम शोधायच्या आणि उलटवायच्या.

एकदा एक गाळणारा आत्याला म्हणाला, "बाई, एक घोट घेऊन तं पाय. मंग सांडव."

"तुह्या बायकोले विचारते. ती घे म्हणन तं घेईन."

त्याची बायको ड्रम उलटवायला दुसऱ्या बाजूने हात लावून उभी होती.

मग आत्याचं पोट फुगायला लागलं. पाय सुजले. नागपूरला आणलं. पोटात पाणी, लिव्हर आक्रसलेलं. सिरॉसिस.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती वर्षं घेताय?"

"घेत नाई साहेब. सांडवते."

डॉक्टर हसले नाहीत.

हिपॅटायटिसच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. अंगाने ती बारीकच. शुगर मात्र वाढलेली होती, आणि ती आधी कुणी तपासलीच नव्हती. शेवटी निदान झालं: दारूशिवाय होणारं फॅटी लिव्हर, शेवटच्या टप्प्यातलं.

मी नागपुरात जेनेटिक्सच्या लॅबमध्ये काम करते. आत्याच्या संमतीने तिचं रक्त तपासलं.

पीएनपीएलए३ नावाचं एक जीन आहे. त्यात एका अक्षराचा बदल असेल तर लिव्हरमध्ये चरबी साठून राहते. बारीक माणसातही. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आत्याच्या दोन्ही प्रतींत बदल होता.

याचा अर्थ आजार ठरलेला असतो, असा नाही. धोका वाढतो. शुगर, वजन, खाणं यांवर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. हे मी तिला समजावलं.

तिने एकच विचारलं, "पल्लूत आलं काय?"

"बदल असलेली एक प्रत नक्की. तुझ्याकडे बदल नसलेली प्रत नव्हतीच."

"म्हणजे रक्तातलं."

"धोका आहे, आत्या. आजार नाही."

"तुह्या लॅबमंधी असन फरक. गावात नाई."

पल्लवीचं लग्न तेव्हा जमत आलं होतं. अहेरीकडचे पाहुणे आत्याला बघायला गावी आले. मुलाच्या आईने सरळच विचारलं, "बाई, कायचा आजार आहे? घराण्यात आहे काय?"

आत्या खाटेवर उठून बसली.

"घराण्यात नाई. मी पेत होती. लपून. पोरीचा काई दोष नाई."

खोलीत दारूबंदीच्या दोन बाया होत्या.

मी बोलले नाही. रिपोर्ट तिचा होता. सांगायचा की नाही, हेही तिनेच ठरवायचं होतं.

त्या दोघींतली इंदूबाई पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होती. ती दारात थांबून म्हणाली, "मंग आमाले काऊन फिरवलं वो जंगलानं?"

आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "दारूचं माह्यासंगं जळून जाईन. रक्ताचं पोरीमागं लागन."

लग्न झालं. महिनाभरात आत्या गेली.

मयतीला इंदूबाई आली नाही. बाकीच्या बाया अंगणात उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. संघटना तिथेच मोडली. गाळणारे आता उघड म्हणतात, "तुमची पुढारीनच पेत होती."

जळलं काहीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी पल्लवीची सोनोग्राफी झाली, दुसऱ्याच कारणासाठी. त्यात फॅटी लिव्हर दिसलं. सुरुवातीचं आहे. सांभाळलं तर मागे फिरू शकतं.

सासूने रिपोर्ट ऐकला आणि विचारलं, "तू बी पेते काय, आईसारखी?"

पल्लवीने मला फोन केला.

"ताई, एका घरात राह्यली मी आईसंगं. कधी वासही नाई आला. मंग काय होतं तिले?"

आता प्रश्न तिच्या स्वतःच्या शरीराचा होता. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माह्यासाठी इतकं खोटं बोलली. मलेच नाई सांगतलं."

तिने घरी खरं सांगून टाकलं. सासू म्हणाली, "म्हणजे आमाले फसवलं."

सध्या पल्लवी माहेरी आहे. एकटी. नवरा फोन करतो, न्यायला आलेला नाही.

काल मी तिला विचारलं, लिहू का?

"लिही. लपवाचं काई उरलं नाई आता. आईचं तरी नीट सांग."

म्हणून ही पोस्ट.

माझ्या दोन प्रतींपैकी एकीत तोच बदल आहे. बाबा अजून तपासणी टाळतायत. आमच्या नात्यातले जे कोणी वाचत आहेत, त्यांनी शुगर आणि लिव्हर तपासून घ्या. पीत नसाल तरी.

इंदूबाई, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. तिने तुम्हाला फसवलं नव्हतं.

आत्या, तुला श्रद्धांजली. तू सांगितलंस तशी नाही. तू होतीस तशी.