आत्याच्या तीस मेणबत्त्या

माझी आत्या साबणाच्या कारखान्यात एकवीस वर्षं वास घ्यायच्या कामावर होती. प्रत्येक खेपेचा एक तुकडा तिच्या टेबलावर यायचा. ती हुंगायची आणि "जाऊ दे" किंवा "थांबवा" म्हणायची. ती थांबवा म्हणाली की मॅनेजरचंही काही चालत नसे. आतोबा कौतुकाने सांगायचे, "हिच्या नाकावर माशी बसत नाही. बसलीच, तर कुठल्या गटारातून आली तेही सांगेल."

दोन वर्षांपूर्वी तिला आठवडाभर ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही. पाच महिने तिने कारखान्यात कोणाला कळू दिलं नाही. मग खवट चरबीची एक अख्खी खेप तिच्या शब्दावर बाहेर पडली. कोणी काही बोलायच्या आत तिनेच राजीनामा दिला.

त्यानंतर ती नुसती बसून असायची. सोया मेणबत्त्यांची कल्पना माझी. मी केमिकलचा डिप्लोमा नुकताच संपवला होता आणि मला जगातलं सगळंच सोपं वाटत होतं.

"आत्या, मेणबत्तीला नाक लागत नाही, थर्मामीटर लागतो," मी म्हणाले.

"अगं, पण वासाचीच ना मेणबत्ती?"

"वास बाटलीत येतो. आपण फक्त वजन करून घालायचा."

कितीतरी दिवसांनी ती जरा सरळ बसली.

सोयाबीनच्या तेलाचं मेण पांढऱ्या चुऱ्यासारखं मिळतं. ते थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. पंच्याहत्तर अंशांवर वितळवायचं, पासष्टला सुगंधी तेल घालून दोन मिनिटं ढवळायचं, पंचावन्नला ग्लासात ओतायचं. वात मधोमध उभी राहावी म्हणून कपड्यांचा चिमटा आडवा लावायचा. मग दोन आठवडे झाकून ठेवायच्या, म्हणजे वास मेणात मुरतो.

"दोन आठवडे?" आतोबा म्हणाले. "तेवढ्यात माणसं हाड जोडून दवाखान्यातून घरी येतात."

पहिल्या सहा मेणबत्त्या गुलाबाच्या. एकीच्या मध्यभागी खड्डा पडला, दोन मेणबत्त्यांवर पांढरे डाग आले, एकीची वात इतकी बारीक की मेणात भोक पाडून स्वतःच बुडाली. आत्याने वहीत तापमानं लिहिली, वाती बदलल्या. महिनाभरात डोळ्याला दिसणारी एकही चूक उरली नाही. उरला तो वास. त्यासाठी ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाखाली ग्लास धरायची. सगळे म्हणायचे, छान.

मग गल्लीतल्या पार्लरवालीने नव्या खोलीसाठी तीस मेणबत्त्या सांगितल्या, लॅव्हेंडरच्या. आत्या मला म्हणाली, "ह्या नीट गेल्या ना, तर मी परत वासाची बाई. नाहीतर बसलेच घरात."

त्यासाठी तिने मेणाची मोठी गोणी आणली. दुकानदाराने ती किती दिवस उन्हात ठेवली होती कोण जाणे. मेण पांढरंशुभ्र होतं, हाताला कोरडं लागत होतं.

ओतायच्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही गेले. दारातच जुन्या तळणाच्या तेलाचा वास आला. मला वाटलं, शेजारी कोणीतरी तळतंय. आत गेल्यावर कळलं, तो मेणाच्या भांड्यातून येत होता. वर लॅव्हेंडर, खाली खवट तेल.

"ये गं, बघ वास," आत्या म्हणाली. कपाळावर घाम, हातात थर्मामीटर, चेहरा असा की मी तो दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी मनाशी म्हटलं, मुरल्यावर बसेल.

"छान," मी म्हणाले.

"छानच," आतोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

दोन आठवड्यांनी खोकी घेऊन आम्ही दोघी पार्लरात गेलो. पार्लरवालीने ग्लास उजेडात धरून वाहवा केली आणि एक मेणबत्ती पेटवली. वरचं मेण वितळलं तशी ती खिडकीकडे बघायला लागली.

"ताई, रागावू नका हं. बाजूला कोणी काही तळतंय का?" मग ती वाकली आणि चटकन मागे सरली. "अहो, ह्यालाच येतोय."

आत्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"दोन ठेवते मी," पार्लरवाली घाईघाईने म्हणाली. "दिसायला काय सुंदर झाल्यात!"

"नको," आत्या म्हणाली आणि पेटलेलीसुद्धा विझवून खोक्यात ठेवली.

घरी आल्यावर तिने आतोबांना विचारलं, "तुम्हाला येत होता?"

"अगं, मुरल्यावर जाईल असं..."

"येत होता?"

"पहिल्या दिवसापासून." आतोबा चष्मा पुसत राहिले. "तू गाणं गुणगुणत होतीस. कसं सांगणार होतो?"

"एकवीस वर्षं मी माणसांच्या तोंडावर 'थांबवा' म्हणत आले. तुम्हाला एकदा म्हणता आलं नाही?"

तिने फळीवरची गुलाबाची मेणबत्ती काढून माझ्यापुढे धरली. पहिल्या सहातली ती एकच उरली होती. "आणि हिचा?"

मी वास घेतला. "गुलाबाचा. आत्या, खरंच चांगला आहे. शपथ."

"असेल," ती म्हणाली.

तिने मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. एकेक ग्लास गरम पाण्यात धरून मेण सुटं केलं, वात उपटली, साबणाने घासून ग्लास फडक्यावर पालथा घातला. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, तू दमली असशील." तीस ग्लास झाल्यावर तिने एकतिसावा घेतला, गुलाबाचा.

"तो नको ना," मी म्हणाले.

तिने तोही पाण्यात धरला. स्वयंपाकघरात गुलाबाचा वास पसरला. आतोबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.